घोडे गेले, ठसे आले: व्हर्सायच्या राजपागेत काय बघायचं

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून जाताना ‘हुजुरपागा’ हे नाव आपण इतक्या सवयीने घेतो की त्यातली पागा डोळ्यांसमोर येतच नाही. पेशव्यांच्या खास घोड्यांची ती जागा. १८८४ साली स्थापन झालेली मुलींची शाळा पुढे तिथे उभी राहिली, आणि घोड्यांचं नाव शाळेला कायमचं चिकटलं. राजांच्या पागांचं असंच होतं. जागा ऐसपैस, बांधकाम भक्कम, आणि राज्य गेल्यावर घोडे कुणाला परवडत नाहीत. मग तिथे दुसरंच काही नांदू लागतं.

पॅरिसजवळच्या व्हर्सायमध्ये अशीच एक राजपागा आहे. तिच्यात आज घोड्यांच्या जागी ग्रीक देव, रोमन सम्राट, हात तुटलेल्या देवता आणि देवळांचे खांब उभे आहेत. बहुतेक सगळे पांढरेशुभ्र, आणि बहुतेक सगळे प्लास्टरचे. म्हणजे मूळ मूर्ती नव्हेत, त्यांचे ठसे. हे ऐकल्यावर पुष्कळ जण विचारतात, “मग नकला बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर ठसा म्हणजे काय, तो का घेतात आणि एवढे ठसे पागेत कसे आले, हे सगळं सांगावं लागेल.

आधी जागा समजून घेऊ. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८२ साली आपला दरबार व्हर्सायला कायमचा हलवला. त्याच सुमारास जूल आर्दुआँ-मांसार या त्याच्या वास्तुरचनाकाराने राजवाड्यासमोर दोन पागा बांधल्या. राजवाड्याकडे पाठ करून उभं राहिलं की डावीकडे ग्रांद एक्युरी, म्हणजे थोरली पागा, आणि उजवीकडे पेतीत एक्युरी, म्हणजे धाकटी पागा. दोन्हींच्या मधून पॅरिसकडे जाणारा रुंद रस्ता. थोरली-धाकटी या नावांवरून एक मोठी आणि एक लहान असेल असं वाटतं, पण दोन्हींचा आकार सारखाच आहे. फरक कामाचा होता. थोरल्या पागेत शिकारीचे आणि लढाईचे, स्वारीचे तयार घोडे. धाकटीत मुख्यतः गाड्या ओढणारे घोडे आणि खुद्द गाड्या. दोन्हींचे प्रमुख वेगळे, दोघांचा मान वेगळा. आपल्याकडे पागेचा कारभार म्हणजे किती मोठं खातं असे, हे ज्यांनी मराठेशाहीची कागदपत्रं चाळली आहेत त्यांना सांगायला नको. पागेदार, बारगीर, मोतद्दार, नालबंद, दाणावैरण बघणारे. व्हर्सायलाही शेकडो घोडे आणि त्यांच्यामागे राबणारी माणसं असा सगळा संसार होता.

दोन्ही इमारतींची राजवाड्याकडची बाजू अर्धवर्तुळासारखी आत वळलेली आहे. त्यामुळे पुढचं अंगण घोड्याच्या नालेसारखं दिसतं. हे बांधकाम राजवाड्यापेक्षा उंच होणार नाही याचीही काळजी घेतलेली आहे. राजा आपल्या खिडकीतून बघेल तेव्हा पागा त्याला नजरेखाली दिसली पाहिजे, हा हिशेब.

पॅरिसहून लोकलने व्हर्साय शातो रीव्ह गोश स्थानकावर उतरणारे हजारो प्रवासी रोज राजवाड्याकडे जाताना धाकट्या पागेच्या बाजूनेच चालत जातात. डोळे समोरच्या सोनेरी फाटकावर खिळलेले असतात, त्यामुळे डावीकडच्या इमारतीकडे कुणी वळूनही बघत नाही. या इमारतीत वास्तुकलेचं महाविद्यालय आहे, फ्रान्सच्या संग्रहालयांतल्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञांच्या कार्यशाळा आहेत, आणि आपल्याला जिथे जायचं आहे ते शिल्पांचं आणि ठशांचं दालन आहे.

आता ठशाकडे वळू.

आपल्यापैकी प्रत्येकाने ठसा पाहिलेला आहे, फक्त त्याला तसं नाव दिलेलं नाही. पेण, हमरापूर भागातल्या कारखान्यात पीओपीचा गणपती कसा होतो? मूळ मूर्तीवरून साचा काढायचा, साच्यात पीओपीचा घोळ ओतायचा किंवा थापायचा, बळकटीसाठी आतून काथ्या लावायचा, घट्ट झाला की साचा सोडवायचा. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि नावातलं पॅरिस उगाच आलेलं नाही. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या. तो दगड भाजून केलेली पांढरी पूड जगभर त्या शहराच्या नावाने ओळखली गेली.

ही पूड इतकी उपयोगी का? जिप्सममध्ये पाणी बांधलेलं असतं. सुमारे दीडशे अंश सेल्सियसला भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत शोषून घेते आणि काही मिनिटांत पुन्हा दगड बनते. तेव्हा ती गरम होते, हात लावला तर कळतं. आणि घट्ट होताना ती किंचित फुगते. हे फुगणं अगदी नाममात्र असतं, पण सगळी जादू त्यातच आहे. वाळताना आकसणारा पदार्थ साच्याच्या भिंतीपासून सुटतो. प्लास्टर उलट साच्याच्या कानाकोपऱ्यात रेटून बसतं. म्हणून संगमरवरावर छिन्नीचा एखादा बारीक ओरखडा असेल तर तोही ठशात उतरतो.

अडचण साचा सोडवताना येते. सपाट नाणं साच्यातून सहज निघेल. पण हात कमरेवर ठेवलेली मूर्ती घ्या. हात आणि कंबर यांच्यामधल्या पोकळीत साचा अडकून बसणार. ओढला तर हात तरी तुटेल नाहीतर साचा. आजकाल रबराचा साचा असतो, तो वाकतो आणि निघतो. रबर येण्याआधीच्या कारागिरांनी काढलेली तोड बघा: साचा एकसंध करायचाच नाही. नाकाच्या एका बाजूचा तुकडा, दुसऱ्या बाजूचा तुकडा, हनुवटीखालचा, कानामागचा, कपड्याच्या प्रत्येक चुणीचा वेगळा. प्रत्येक तुकडा असा की तो मूर्तीपासून सरळ मागे ओढता येईल. असे डझनावारी, मोठ्या मूर्तीला तर शेकडो तुकडे. ते सगळे शेजारी शेजारी बसवून बाहेरून एक जाड कवच करायचं, म्हणजे ओतताना एकही तुकडा हलणार नाही.

याची खूण ठशावर राहते. दोन तुकड्यांच्या फटीत प्लास्टर थोडं शिरतं आणि तिथे केसाएवढी उंच रेघ उमटते. दालनात एखाद्या चेहऱ्याजवळ जा. प्रकाश कडेने पडत असेल अशा बाजूला उभे राहा. कपाळावरून नाकाच्या कडेने गालावर आणि गालावरून गळ्यावर उतरत जाणारं जाळं दिसेल, शिवणीसारखं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तडे वाटतात. ते तडे नसून त्या जुन्या कारागिराच्या साच्याचा नकाशा आहे. कुठे किती तुकडे केले, कुठली चुणी अवघड गेली, सगळं वाचता येतं. या रेघा घासून टाकणं सोपं होतं. पण घासताना शेजारचं बारीक कामही जातं, म्हणून जाणकार कारागीर त्या तशाच ठेवत. शिवण शाबूत असलेला ठसा म्हणजे मुळाशी सगळ्यात इमानी ठसा, असं समजायला हरकत नाही. मला स्वतःला त्या दालनातल्या कुठल्याही देवापेक्षा या शिवणींचं जास्त अप्रूप वाटतं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण मूळ मूर्ती हलत नाहीत आणि शिकणाऱ्यांना त्या जवळ हव्या असतात. १५४० साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने प्रिमातिच्चो या चित्रकाराला रोमला पाठवलं. पोपच्या ताब्यातल्या प्राचीन मूर्ती राजाला मिळणार नव्हत्या, पण साचे घ्यायची परवानगी मिळाली. अपोलो, लाओकून, निजलेली अरियाद्नी अशा मूर्तींचे साचे फ्रान्सला आले आणि फोंतेनब्लोच्या राजवाड्यासाठी त्यांवरून कांस्यमूर्ती ओतल्या गेल्या. पुढे १६६६ साली चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत रोममध्ये फ्रेंच अकादमीच उघडली. होतकरू कलाकारांनी तिथे राहायचं, प्राचीन शिल्पांच्या प्रतिकृती आणि ठसे करायचे आणि ते राजासाठी धाडायचे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९४ साली ठसे घेण्याची कार्यशाळा सुरू झाली. तिची परंपरा आजही चालू आहे.

एकोणिसाव्या शतकात तर ठशांशिवाय कलाशिक्षण असूच शकत नाही अशी समजूत होती. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत काचेचं छत असलेल्या मोठ्या चौकात ठशांचं भलंथोरलं संग्रहालय होतं. विद्यार्थ्याने आधी ठशासमोर बसून रेखाटायचं. प्लास्टरचा देव हलत नाही, दमत नाही, रंगाने डोळ्याला फसवत नाही. फक्त उजेड आणि सावली. ते साधलं की मगच जिवंत माणूस समोर बसवायचा.

ही पद्धत आपल्याकडेही आली. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन मूर्तींच्या ठशांवरून रेखाटणं हा अभ्यासक्रमाचा भाग होता. गिरगावातल्या, दादरमधल्या पोरांनी शाडूच्या गणपतीबरोबर ग्रीक देवतांची नाकं आणि डोळेही गिरवले. याच शाळेत शिकणाऱ्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. अंगाच्या वळणात ग्रीक शिल्पाचा अभ्यास स्पष्ट दिसतो, आणि तरी ती शंभर टक्के आपली आहे, लुगड्याच्या प्रत्येक चुणीत. ती संगमरवराची किंवा कांस्याची नाही. ती प्लास्टरची आहे. प्लास्टर म्हणजे हलकं, तात्पुरतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. अलिबागजवळच्या सासवण्याला करमरकर शिल्पालय पाहिलं असेल त्यांनाही हे पटेल.

मग एवढ्या मानाच्या गोष्टी पागेत का गेल्या?

विसाव्या शतकात वारं फिरलं. ‘अस्सल’ या शब्दाला फार भाव आला. नव्या कलाकारांना ठशांसमोर तासन्‌तास बसणं म्हणजे जुलूम वाटू लागला, आणि ठसे त्या जुलमाची निशाणी ठरले. युरोप-अमेरिकेत कित्येक संग्रहालयांनी आपले ठसे तळघरात टाकले, वाटून टाकले, काहींनी फोडूनही टाकले. पॅरिसमध्ये १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात एकोल दे बोझार अग्रभागी होतं. त्यानंतर तिथली पद्धतच बदलली आणि ठशांना जागा उरली नाही. १९७० च्या दशकात ते व्हर्सायच्या धाकट्या पागेत हलवण्यात आले. तिथे लूव्रचे स्वतःचे ठसे आणि सॉर्बोन विद्यापीठाचे अभ्यासासाठीचे ठसे अशी भर पडली. आज हा संग्रह सुमारे ५,००० नगांचा आहे आणि त्याची जबाबदारी लूव्रच्या ग्रीक-रोमन विभागाकडे आहे. पागा व्हर्सायची, ठसे लूव्रचे, असा हा संसार. एका अर्थी पागेनेच त्यांना वाचवलं. देवळाच्या खांबाचा पूर्ण उंचीचा ठसा ठेवायला कुठल्या सरकारी गोदामात जागा असते?

आता मघाच्या प्रश्नाकडे. नक्कलच ना शेवटी?

पहिली गोष्ट, ‘मूळ’ म्हणून आपण ज्याच्यापुढे मान तुकवतो त्यातलं बरंचसं मूळ नाही. ग्रीक शिल्पकारांनी पुष्कळ मोठं काम कांस्यात केलं. थाळी फेकणारा खेळाडू, भाला घेतलेला तरुण, ही सगळी कांस्यशिल्पं पुढे वितळवली गेली. आपल्याला ती माहीत आहेत ती रोमनांनी केलेल्या संगमरवरी प्रतींवरून. आणि रोमन त्या प्रती कशा करत? इटलीतल्या बाया या गावी १९५४ साली प्राचीन प्लास्टरचे तुकडे सापडले. ग्रीक कांस्यमूर्तींवरून घेतलेले ते ठसे होते, रोमन कारागिरांच्या वापरातले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही प्लास्टर मध्यस्थी करतच होतं. लूव्रमध्ये जिच्यासमोर गर्दी हटत नाही ती सामोथ्रेसची पंख असलेली विजयादेवी घ्या. तिचा उजवा पंख डाव्या पंखावरून उलटा करून घडवलेला आहे, आणि तो प्लास्टरचा आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूळ मूर्ती झिजते, ठसा थांबलेला असतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचं उदाहरण घ्या. १६८७ साली तोफगोळ्याने आतला दारूगोळ्याचा साठा उडाला आणि मंदिर फुटलं. पुढे १७८० च्या दशकात फोव्हेल नावाच्या फ्रेंच कलाकाराने तिथल्या शिल्पांचे साचे घेतले. १८०२ मध्ये ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी मंदिराच्या पश्चिमेकडच्या शिल्पपट्टीचे साचे घेतले. ती पट्टी पुढे जवळजवळ दोन शतकं उघड्यावर, इमारतीवरच राहिली. शहर वाढलं, धूर वाढला, आम्लयुक्त पावसाने संगमरवर साखरेसारखा विरघळला. आज त्या दगडावर घोड्याच्या तोंडाच्या जागी कुठे कुठे नुसता उंचवटा आहे. १८०२ च्या साच्यातून निघालेल्या ठशात मात्र त्या घोड्यांच्या नाकपुड्या दिसतात. इथे अस्सल काय आणि नक्कल काय? दगड अस्सल आहे, पण शिल्पकाराचा हात ठशात जास्त उरलाय.

शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या आपल्या अभ्यासकांना हे नव्याने सांगायची गरज नाही. ओला कागद दगडावर दाबून घेतलेला जुना ठसा, आणि पन्नास वर्षांनी जाऊन पाहावं तर दगडावरचं अक्षर गेलेलं. कागद तेवढा राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ठसे चुकाही जपून ठेवतात. लाओकून आणि त्याच्या दोन मुलांना सापांनी विळखा घातलाय, हे शिल्प १५०६ साली रोममध्ये सापडलं तेव्हा बापाचा उजवा हात नव्हता. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो आकाशाकडे ताणलेला करून बसवला. शतकानुशतकं सगळ्या युरोपने तोच पाहिला, तोच गिरवला, त्यालाच वीररसाचा कळस मानलं. १९०० नंतरच्या पहिल्या दशकात लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममध्ये एक तुटका हात सापडला. कोपरात वाकलेला, डोक्यामागे गेलेला. तोच खरा निघाला, आणि १९५० च्या दशकाअखेरीस तो मूळ शिल्पाला जोडला गेला. ताणलेल्या हाताचा लाओकून आता तुम्हाला जुन्या ठशांत भेटतो. पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांनी काय पाहिलं होतं, ते बघायचं तर ठशाकडेच जावं लागतं.

दालनात फिरताना मोठ्या स्थापत्याच्या ठशांपाशी वेळ काढा. पार्थेनॉनच्या कोपऱ्याचा आणि रोममधल्या कॅस्टर-पोलक्सच्या देवळाचा ठसा पूर्ण मापात घेतलेला आहे. पार्थेनॉनचा खांब साडेदहा मीटरच्या घरात, म्हणजे तीन मजली घराएवढा. अथेन्सला तुम्ही तो दोरीपलीकडून, टेकडीच्या उन्हात, मोकळ्या आकाशाखाली बघता, त्यामुळे त्याचं माप कळत नाही. बंद छताखाली खांब अंगावर येतो. एकोल दे बोझारच्या त्या काचेच्या चौकात हे दोन्ही उभे होते ते विद्यार्थ्यांना हे माप डोळ्यांत भरावं म्हणूनच.

दालन वर्षभर रोज उघडं नसतं. ठरावीक दिवशी आणि वेळी प्रवेश असतो, म्हणून निघण्याआधी राजवाड्याच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. राजवाडा आणि हे दालन एकाच दिवशी करायचं असेल तर आधी पागा करावी. आरसेमहालातल्या गर्दीतून बाहेर पडल्यावर पांढऱ्या मूर्तींच्या शिवणी बघायला डोळ्यांत जोर उरत नाही.

सगळ्यात शेवटी मात्र एक गोष्ट चुकवू नका, आणि ती प्लास्टरची नाही. व्हर्सायच्या बागेतली बरीच संगमरवरी शिल्पं ऊनपावसाने झिजायला लागली म्हणून आत हलवण्यात आली आणि बागेत त्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या गेल्या. म्हणजे इथे उलटं झालंय, नक्कल बाहेर पावसात आणि मूळ आत पागेत. त्यांतला एक समूह चौदाव्या लुईच्या फार जिव्हाळ्याचा होता. राजा स्वतःला सूर्य म्हणवून घेई. म्हणून राजवाड्याला लागून थेटिस या जलदेवतेची एक गुहा बांधली होती, आणि तिच्यात दिवसभराचा फेरा संपवून परतलेला सूर्यदेव अपोलो बसवला होता. जिरार्दों आणि रेनोदँ यांनी घडवलेल्या जलपऱ्या त्याचे पाय धुताहेत, अंगाला तेल लावायला उभ्या आहेत. दोन्ही बाजूंना त्याच्या रथाचे घोडे. एक जोडी मार्सी बंधूंनी केली, दुसरी गेरँने. १६८४ मध्ये राजवाड्याची उत्तरेकडची बाजू वाढवायची म्हणून ती गुहा पाडली गेली. शिल्पं बागेत इकडून तिकडे हलत राहिली, आणि पुढे युबेर रोबेर या चित्रकाराने त्यांच्यासाठी खोटी डोंगरकपार रचली तेव्हा तिथे स्थिरावली.

घोड्यांकडे नीट बघा. दिवसभर धावून आलेत. मानेच्या शिरा फुगल्या आहेत, एकाने मान वळवून दुसऱ्याला चावा घ्यायला तोंड उघडलंय, आणि समुद्रातले सेवक, आपल्या भाषेत मोतद्दारच म्हणायला हवेत, त्यांना आवरून पाणी दाखवताहेत. ज्या इमारतीत राजाच्या गाड्यांचे घोडे दमून येत, दाणापाणी घेत आणि रात्र काढत, तिथेच आता सूर्याचे हे घोडे उभे आहेत.